बहुदिवसीय सामूहिक पदभ्रमंतीसाठी लागणाऱ्या इंधनाचे पूर्वानुमान : रतनगड–हरिश्चंद्रगड मार्गाच्या संदर्भात

प्रस्तावना

महाराष्ट्रातील महाविद्यालयांमध्ये गिरिभ्रमण आणि दुर्गभ्रमण यांना सहशैक्षणिक उपक्रम म्हणून महत्त्वाचे स्थान आहे. इतिहास, भूगोल, वनस्पतिशास्त्र, पर्यावरणशास्त्र अशा अनेक विषयांचे प्रत्यक्ष शिक्षण या निमित्ताने घडून येते. अशा उपक्रमांची पूर्वतयारी करताना मार्ग, मुक्काम, शिधा, प्रथमोपचार यांचा बारकाईने विचार केला जातो. परंतु स्वयंपाकासाठी किती इंधन लागेल, या प्रश्नाचे उत्तर बहुधा अंदाजपंचे दिले जाते. 'मागच्या वेळी दोन डबे पुरले होते' एवढ्या आधारावर निर्णय घेतला जातो. हा अंदाज चुकल्यास त्याची किंमत दोन ठिकाणी मोजावी लागते. एक म्हणजे थकलेल्या विद्यार्थ्यांच्या पोटाला आणि दुसरी म्हणजे मुक्कामाच्या भोवतालच्या जंगलाला.

प्रस्तुत लेखकाला याचा अनुभव स्वतःच्याच चुकीतून आला. काही वर्षांपूर्वी डिसेंबर महिन्यात बारा जणांचा गट घेऊन रतनगड ते हरिश्चंद्रगड हा मार्ग तीन मुक्कामांत चालण्याचे योजले होते. इंधन म्हणून २३० ग्रॅम वायू असलेले दोन डबे, म्हणजे एकूण ४६० ग्रॅम वायू सोबत घेतला होता. दुसऱ्या रात्री खिचडीला उकळी फुटण्यापूर्वीच शेगडी विझली. अर्धकच्ची खिचडी शिजवण्यासाठी अखेर गावातील एका घरातून सरपण मागून घ्यावे लागले. त्या घरातील माउलीने ते आनंदाने दिले; मात्र तिने डोक्यावरून वाहून आणलेल्या मोळीतून आपण आपल्या निष्काळजीपणाची भरपाई करीत आहोत, ही जाणीव अस्वस्थ करणारी होती. शिक्षकाने वर्गात उष्णतेची गणिते शिकवावीत आणि डोंगरावर मात्र ती विसरावीत, हे योग्य नव्हे. त्या चुकीचे कारण शोधण्याच्या प्रयत्नातून प्रस्तुत लेख सिद्ध झाला आहे.

उद्दिष्टे

१. सामूहिक पदभ्रमंतीत इंधनाचा खर्च कोणत्या घटकांवर अवलंबून असतो, हे स्पष्ट करणे.
२. सामान्य शिक्षकाला किंवा विद्यार्थी प्रतिनिधीला वापरता येईल अशी पूर्वानुमानाची सोपी रीत मांडणे.
३. इंधनाच्या तुटवड्याचा वनसंपदेशी असलेला संबंध निदर्शनास आणणे.

क्षेत्राचा परिचय

अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यातील अकोले तालुक्यात रतनवाडी येथून रतनगड, कात्राबाईची खिंड, कुमशेत, पाचनई आणि हरिश्चंद्रगड असा हा मार्ग जातो. पुढे टोलार खिंडीतून खिरेश्वरकडे, म्हणजे पुणे जिल्ह्यात उतरता येते. रतनगडाची उंची सुमारे १३०० मीटर, तर हरिश्चंद्रगडाची सुमारे १४२० मीटर आहे. हा परिसर १९८६ मध्ये घोषित झालेल्या कळसूबाई–हरिश्चंद्रगड वन्यजीव अभयारण्याचा भाग आहे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या कलम २९ अन्वये अभयारण्यातून वनोपज काढून नेण्यास मनाई असून, अभयारण्याला धोका पोहोचेल अशा रीतीने आग पेटवण्यास किंवा पेटती ठेवण्यास कलम ३० अन्वये प्रतिबंध आहे. त्यामुळे 'इंधन संपले तर लाकडे गोळा करू' हा पर्याय येथे नियोजनात धरताच येत नाही. मुक्काम कोठे करावा आणि शेगडी कोठे पेटवावी, याबाबतही वनविभागाचे त्या त्या वेळचे नियम आधी विचारून घेणे आवश्यक आहे.

शास्त्रीय आधार

इंधनाचा अंदाज माणसांच्या संख्येवरून थेट काढण्याची प्रथा आहे. परंतु शेगडीला माणसे ठाऊक नसतात. तिला फक्त तापवायचे पाणी ठाऊक असते. चहा, उपमा, खिचडी, भांडी विसळण्याचे गरम पाणी या सर्वांमध्ये समान असलेला घटक म्हणजे पाणी होय. म्हणून इंधनाचा हिशेब हा मूलतः पाण्याचा हिशेब आहे, हे या लेखाचे मुख्य प्रतिपादन आहे.

एक लिटर पाण्याचे तापमान एका अंश सेल्सिअसने वाढवण्यासाठी सुमारे ४.१९ किलोज्यूल उष्णता लागते. समुद्रसपाटीपासून साधारण दर ३०० मीटर उंचीला पाण्याचा उत्कलनबिंदू एका अंशाने खाली येतो. म्हणजे हरिश्चंद्रगडावर पाणी सुमारे ९५ अंशांवर उकळते. हिवाळ्यात टाक्यातील पाणी १५ अंशांवर आहे असे मानल्यास ते ८० अंशांनी तापवावे लागेल. त्यासाठी दर लिटरला सुमारे ३३५ किलोज्यूल उष्णता लागते.

डब्यातील द्रवरूप पेट्रोलियम वायूचा एक किलोग्रॅम जळाला असता सुमारे ४६,००० किलोज्यूल उष्णता मिळते. या हिशेबाने एक लिटर पाण्यास केवळ ७ ग्रॅम वायू पुरावा. प्रत्यक्षात तसे घडत नाही. ज्योतीची बरीच उष्णता पातेल्याच्या कडांवरून निसटते, काही हवेत जाते, काही भांडेच घेते. आडोशाला, झाकण ठेवून, रुंद बुडाच्या भांड्यात पाणी तापवल्यास साधारण निम्मी उष्णता कामी येते असे धरणे व्यवहार्य ठरते. म्हणजे दर लिटरला सुमारे १५ ग्रॅम वायू लागतो. हा या लेखातील पहिला उपयुक्त आकडा होय.

दुसरा आकडा मंद आचेचा. उकळी आल्यानंतर अन्न शिजण्यासाठी ज्योत चालू ठेवावी लागते. अडीच किलोवॉट क्षमतेची शेगडी पूर्ण ज्योतीवर तासाला सुमारे १९५ ग्रॅम वायू जाळते. ज्योत एक तृतीयांश ठेवल्यास हा खर्च तासाला सुमारे ६५ ग्रॅम, म्हणजे मिनिटाला साधारण १.१ ग्रॅम येतो.

या दोन आकड्यांवरून पुढील सूत्र मांडता येते :

एका दिवसाचे इंधन (ग्रॅम) = (तापवायचे पाणी, लिटर × १५) + (मंद आचेची मिनिटे × १.१)

प्रत्यक्ष गणन

बारा जणांच्या गटासाठी एका पूर्ण दिवसाचा आहार पुढीलप्रमाणे धरला आहे. दुपारचे जेवण भाकरी, चटणी, गूळ-शेंगदाणे अशा कोरड्या शिदोरीचे असल्याने त्यास इंधन लागत नाही.

१. सकाळचा चहा : २ लिटर, मंद आच ५ मिनिटे.
२. सकाळचा उपमा : २ लिटर, रवा भाजणे, फोडणी व शिजवणे मिळून मंद आच १५ मिनिटे.
३. संध्याकाळचा चहा : २ लिटर, मंद आच ५ मिनिटे.
४. रात्रीची मूगडाळीची खिचडी : दीड किलो धान्य व साडेचार लिटर पाणी, धान्यालाही उष्णता लागत असल्याने एकूण ५ लिटर पाण्याइतके धरावे, मंद आच २० मिनिटे.
५. रात्री भांड्यांसाठी गरम पाणी : २ लिटर.

एकूण पाणी १३ लिटर आणि मंद आच ४५ मिनिटे. सूत्रानुसार १३ × १५ = १९५ ग्रॅम, आणि ४५ × १.१ = सुमारे ५० ग्रॅम; मिळून २४५ ग्रॅम. पहिल्या दिवशी फक्त संध्याकाळचा व शेवटच्या दिवशी फक्त सकाळचा स्वयंपाक होत असल्याने चार दिवस व तीन मुक्काम यांत पूर्ण दिवस तीनच भरतात. म्हणून एकूण गरज ७३५ ग्रॅम. वारा, सांडलवंड आणि एखादा अनपेक्षित मुक्काम यांसाठी २५ टक्के राखीव धरल्यास ती सुमारे ९२० ग्रॅम, म्हणजे २३० ग्रॅमचे बरोबर चार डबे होते.

आता प्रस्तावनेत उल्लेखिलेल्या चुकीकडे याच सूत्राने पाहता येईल. पहिल्या संध्याकाळी चहा, खिचडी व भांड्यांचे पाणी मिळून ९ लिटर आणि २५ मिनिटे मंद आच, म्हणजे सुमारे १६३ ग्रॅम खर्च झाला. टाक्यातील पाण्याविषयी शंका आल्याने पिण्याचे १० लिटर पाणी उकळून घेतले; त्यास १५० ग्रॅम लागले. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा व उपमा यांत सुमारे ८२ ग्रॅम गेले. ४६० ग्रॅमपैकी उरले ६५ ग्रॅम. संध्याकाळच्या चहानंतर उरले जेमतेम ३० ग्रॅम, आणि खिचडीला केवळ उकळी आणण्यासाठीच ७५ ग्रॅमची आवश्यकता होती. शेगडीत कोणताही दोष नव्हता. दोन डब्यांचा तो अंदाज पिण्याचे पाणी उकळले नसते तरीही तिसऱ्या दिवसापर्यंत पुरला नसता. पाणी उकळल्याने तो एक दिवस आधीच उघडा पडला, इतकेच.

पिण्याच्या पाण्याचा प्रश्न

वरील उदाहरणातून एक महत्त्वाची बाब पुढे येते. दर माणशी दिवसाला ३ लिटर पिण्याचे पाणी धरल्यास बारा जणांना ३६ लिटर लागते. ते सर्व उकळायचे झाल्यास दिवसाला ५४० ग्रॅम, म्हणजे संपूर्ण स्वयंपाकाच्या दुपटीहून अधिक वायू खर्च होईल. तीन दिवसांत केवळ यासाठीच सुमारे सात डबे लागतील. म्हणून गटाच्या नियोजनात 'पाणी उकळायचे की अन्य रीतीने शुद्ध करायचे' हा निर्णय मेनूच्या आधी घेतला पाहिजे. गाळणयंत्र किंवा स्वच्छ कापडाने गाळून क्लोरीनचे द्रावण अथवा गोळ्या, वेष्टणावरील प्रमाण व वेळ पाळून वापरणे हा हलका व स्वस्त पर्याय आहे.

उकळणे अपरिहार्य असेल तेव्हाही पाणी वीस-वीस मिनिटे उकळत ठेवण्याची गरज नसते. खळखळून उकळी आल्यानंतर एक मिनिट, आणि २००० मीटरहून अधिक उंचीवर तीन मिनिटे पुरेशी मानली जातात. उकळत्या पाण्याची वाफ होणे ही सर्वांत खर्चिक क्रिया आहे. एक लिटर पाण्याची पूर्ण वाफ होण्यास सुमारे २२५७ किलोज्यूल, म्हणजे ते उकळीपर्यंत तापवण्याच्या जवळजवळ सातपट उष्णता लागते. उघड्या पातेल्यातून पेलाभर, म्हणजे १०० मिलिलिटर पाणी वाफ होऊन गेले तर सुमारे १० ग्रॅम वायू वाया जातो. पातेल्यावर झाकण ठेवणे हा इंधनबचतीचा सर्वांत सोपा उपाय का आहे, ते यावरून लक्षात यावे.

अंदाज चुकवणारे घटक

वारा : कोकणकड्यासारख्या उघड्या जागी वाऱ्याने ज्योत भांड्यापासून दूर ढकलली जाते आणि खर्च दुप्पट होऊ शकतो. दगडांचा आडोसा उपयुक्त ठरतो. मात्र ज्या शेगडीत वायूचा डबा थेट ज्योतीखाली असतो, तिला चारही बाजूंनी बंदिस्त करू नये. डबा तापून फुटण्याचा धोका असतो. तसेच तंबूच्या आत शेगडी पेटवणे कटाक्षाने टाळावे. कार्बन मोनॉक्साइड हा वायू रंगहीन व गंधहीन असल्याने त्याची चाहूल लागत नाही.

थंडी : ब्यूटेन उणे ०.५ अंशावर, आयसोब्यूटेन उणे ११.७ अंशांवर, तर प्रोपेन उणे ४२ अंशांवर उकळतो. डब्यातील द्रवाचा वायू होताना तो डब्याचीच उष्णता शोषून घेतो, म्हणून डबा वापरताना गार पडत जातो. सह्याद्रीतील थंड पहाटे ब्यूटेनचे प्रमाण अधिक असलेल्या डब्याची ज्योत मंदावते आणि 'वायू संपला' असा गैरसमज होतो. डबा रात्री पांघरुणात ठेवणे एवढा उपाय येथे बहुधा पुरतो.

उंची : उत्कलनबिंदू खाली आल्याने पाणी लवकर उकळते, परंतु अन्न कमी तापमानावर शिजत असल्याने त्याला अधिक वेळ लागतो. हिमालयात ३६०० मीटरवर पाणी सुमारे ८८ अंशांवरच उकळते. तेथे तूर किंवा राजमा उघड्या पातेल्यात शिजवणे जवळजवळ अशक्यप्राय होते. बर्फ वितळवून पाणी करावे लागल्यास हिशेब पूर्ण बदलतो. बर्फ वितळवण्यासाठीच दर किलोला ३३४ किलोज्यूल लागतात, म्हणजे खर्च दुपटीवर जातो. सह्याद्रीतील आकडा हिमालयात तसाच वापरता येत नाही, तो याच कारणाने.

मेनू : डाळ-तांदूळ तासभर भिजवून घेतल्यास मंद आचेची मिनिटे घटतात. प्रेशर कुकरमध्ये तापमान सुमारे १२० अंशांपर्यंत जात असल्याने मोठ्या गटात त्याचे वजन वाहणे परवडते. कुकर नसल्यास उकळी आलेले पातेले दहा मिनिटांनी उतरवून जाड पांघरुणात गुंडाळून ठेवावे. उरलेले शिजणे साठलेल्या उष्णतेवर होते. बारा जणांचा चहा तीन वेळा करण्याऐवजी एकदाच करणे, हीसुद्धा बचतच होय.

इंधनाची निवड व वाहतूक

रॉकेलच्या पंपाच्या स्टोव्हसाठीही हीच रीत लागू पडते. रॉकेलची उष्णता दर किलोला सुमारे ४३,००० किलोज्यूल असून, कार्यक्षमता ४५ टक्के धरल्यास वरील मार्गासाठी राखीव धरून सुमारे १.४ लिटर रॉकेल लागेल. स्टोव्ह पेटवताना जळणारे स्पिरिट वेगळे.

या गणितात सरपण ठेवून पाहिले असता चित्र अधिक बोलके होते. वाळलेल्या लाकडाची उष्णता दर किलोला सुमारे १५,००० किलोज्यूल असते आणि तीन दगडांच्या उघड्या चुलीत तिचा जेमतेम दहावा भाग भांड्यापर्यंत पोहोचतो असे धरल्यास, ७३५ ग्रॅम वायूचे काम करण्यासाठी ११ किलोहून अधिक वाळके लाकूड लागेल. एका दिवसाचा वायू कमी पडला तर जवळजवळ पावणेचार किलो लाकूड. सुट्टीच्या दिवसांत एकाच गडावर असे अनेक गट मुक्कामाला आले, तर त्याचा भार किती होईल याची कल्पना यावी. शिवाय चुलीची काजळी लेण्यांच्या व गुहांच्या भिंतींवर साचते, ती वेगळीच.

इंधन रेल्वेने नेणे कायद्याने निषिद्ध आहे. रेल्वे अधिनियम, १९८९ च्या कलम १६४ अन्वये धोकादायक वस्तू बेकायदा नेणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कारावास, एक हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. ऑगस्ट २०२३ मध्ये मदुराई येथे उभ्या असलेल्या पर्यटकांच्या डब्यात बेकायदा आणलेल्या वायूच्या सिलिंडरमुळे आग लागून नऊ जणांचा मृत्यू झाला. प्रवासी विमानातही वायूचे डबे नेता येत नाहीत. त्यामुळे दूरच्या पदभ्रमंतीसाठी इंधन मुक्कामाजवळच्या गावातच विकत घ्यावे लागते, आणि म्हणूनच आवश्यक प्रमाण आधी ठाऊक असणे अधिक गरजेचे ठरते.

घरगुती चाचणी

या लेखातील १५ आणि १.१ हे आकडे मार्गदर्शक आहेत. प्रत्येक गटाने आपल्या शेगडीचा व भांड्याचा आकडा स्वतः काढावा. त्यासाठी एक ग्रॅमपर्यंत वजन दाखवणारा स्वयंपाकघरातील काटा पुरेसा आहे. डब्याचे वजन करावे. एक लिटर पाणी झाकण ठेवून उकळीपर्यंत तापवावे. डबा सामान्य तापमानाला आल्यावर पुन्हा वजन करावे. वजनातील घट म्हणजे आपला प्रतिलिटर खर्च. हीच कृती गच्चीवर वाऱ्यात करून पाहिल्यास आडोशाचे महत्त्व विद्यार्थ्यांना वेगळे सांगावे लागत नाही. मंद आचेवर दहा मिनिटे शेगडी चालवून दुसरा आकडा मिळवावा. पदभ्रमंतीहून परतल्यावर उरलेल्या डब्यांचे वजन करून प्रत्यक्ष खर्चाची नोंद ठेवल्यास पुढील वर्षीच्या गटाला ऐकीव अंदाजाऐवजी मोजलेला आकडा मिळेल.

निष्कर्ष

१. इंधनाची गरज माणसांच्या संख्येवरून थेट न काढता तापवायच्या पाण्यावरून व मंद आचेच्या मिनिटांवरून काढणे अधिक विश्वसनीय ठरते.
२. बारा जणांच्या तीन मुक्कामांच्या पदभ्रमंतीस सह्याद्रीत सुमारे ७३५ ग्रॅम, व राखीव धरून ९२० ग्रॅम वायू पुरेसा आहे.
३. पिण्याचे पाणी उकळण्याचा निर्णय हा एकटाच संपूर्ण अंदाज कोलमडवू शकतो. म्हणून तो सर्वप्रथम घ्यावा.
४. झाकण, आडोसा, भिजवलेले धान्य आणि साठलेल्या उष्णतेचा वापर या विनाखर्चाच्या उपायांनी इंधनाची मोठी बचत होते.
५. कमी पडलेले इंधन अखेर जंगलातून किंवा डोंगरातील माणसाच्या मोळीतूनच वसूल होते. त्यामुळे इंधनाचा अचूक हिशेब ही सोयीची बाब नसून पदभ्रमंतीचे नेतृत्व करणाऱ्या शिक्षकाची जबाबदारी आहे.

समारोप

पाठीवरचे ओझे हलके असावे, ही प्रत्येक गिरिप्रेमीची इच्छा असते. परंतु दोन डब्यांचे वजन वाचवून ते दुसऱ्याच्या डोक्यावर ठेवणे यास हलकेपणा म्हणता येणार नाही. कागद, पेन्सिल आणि स्वयंपाकघरातील काटा एवढ्या साधनांवर अर्ध्या तासात होणारे हे गणित विद्यार्थ्यांकडूनच करवून घेतल्यास, पदार्थविज्ञानाचा एक पाठ गडाच्या पायथ्याशी पोहोचण्यापूर्वीच पूर्ण झालेला असेल.